चासी ठोकून पाहा

‘५० वर्षांवरील जीपची विंटेज (जुन्या, जतन केलेल्या गाड्यांसाठीची) नोंदणी करा’ हा आपल्या अंकातील सल्ला अपुरा वाटला. २०२१ च्या नियमांनुसार अशा गाडीला ‘व्हीए’ मालिकेचा नोंदणी क्रमांक १० वर्षांसाठी मिळतो. मात्र त्या गाडीचा नियमित वापर चालत नाही. रोज बागेत जायचे तर नमुना २५ (नोंदणी नूतनीकरणाचा अर्ज) भरून दर ५ वर्षांनी आरटीओत नेहमीचे नूतनीकरणच करावे लागते.

या नूतनीकरणाच्या तपासणीत खरा प्रश्न गंजाचा. किनाऱ्यावरच्या खाऱ्या हवेने चासी, म्हणजे गाडीचा लोखंडी सांगाडा, आतून पोखरते आणि वरचा काळा रंग ते झाकतो. स्प्रिंगच्या हँगरजवळ (स्प्रिंग चासीला जोडणाऱ्या कडीजवळ) हातोडीने ठोकावे. बद्द आवाज आला की पत्रा गेलाच. चासीवर कोरलेल्या क्रमांकावर मात्र ग्राइंडर नको, अंक झिजले की खाडाखोडीचा संशय येतो. डिझेल लावून तारेच्या ब्रशने हलकेच घासावे, मग पेन्सिलने छाप घ्यावा.

– एक वाचक, रत्नागिरी