नऊ महिन्यांच्या लसीला बाळाबरोबर आईचंही रक्त तपासा

प्रति,
मा. सार्वजनिक आरोग्य मंत्री, महाराष्ट्र राज्य,
मंत्रालय, मुंबई

महोदय,
सादर नमस्कार.

बीड जिल्ह्यातल्या एका उपकेंद्रावर मी २६ वर्षं आरोग्य सेविका होते. आता निवृत्त आहे, म्हणून बाळंतपणानंतर बायकांच्या हृदयाकडे होणाऱ्या दुर्लक्षाबद्दल उघडपणे लिहिता येतंय.

एक बाई वयाच्या २२ व्या वर्षी पहिलटकरीण म्हणून माझ्याकडे आली. आठव्या महिन्यात पायांवर सूज, लघवीत प्रथिनं आणि बीपी १६०/११०. लगेच १०८ बोलावून तिला जिल्ह्याला पाठवलं. बाळ-बाळंतीण सुखरूप घरी आले. ४२ व्या दिवशी बीपी १२०/८० भरलं आणि मी समाधानाने नोंदवही मिटली.

सात वर्षांनी तिच्या पाठीत आणि जबड्यात कळा सुरू झाल्या. मळमळ होती, दरदरून घाम होता. ज्या दवाखान्यात नेलं तिथं पित्ताचं इंजेक्शन देऊन घरी पाठवलं. दुसऱ्या दिवशी ईसीजी निघाला तेव्हा कळलं, हृदयविकाराचा झटका येऊन गेला होता. वय २९. रक्तात एलडीएल, म्हणजे ज्याला आपण वाईट कोलेस्टेरॉल म्हणतो ते, २१० निघालं, म्हणजे खूपच चढलेलं. तिचे वडील चाळिशी ओलांडताच बसल्या जागी गेले होते. मी त्यांच्या दहाव्याला गेले होते. वडिलांचं ते जाणं, लेकीचं गरोदरपणातलं बीपी, दोन्ही मला माहीत होतं. ते एकमेकांशी जोडायला मला कुणी शिकवलं नव्हतं आणि कुठल्या फॉर्मात तसा रकानाही नव्हता.

गरोदरपणात बीपी वाढून लघवीत प्रथिनं गेली, तर त्या बाईला पुढच्या आयुष्यात हृदयविकाराचा धोका साधारण दुप्पट असतो. गरोदरपणातल्या मधुमेहानेही तो वाढतो. म्हणजे कोणत्या बाईवर लक्ष ठेवायचं हे आपल्याला विशी-पंचविशीतच कळलेलं असतं. आणि नेमक्या त्याच वेळी आपण तिला सोडून देतो.

गावपातळीवरच्या असंसर्गजन्य आजारांच्या तपासणीला वयाची अट ३० वर्षांची आहे. त्यात बीपी, साखर आणि तोंडाचा, स्तनाचा व गर्भाशयमुखाचा कर्करोग बघतात. आशाताई धोका ओळखण्यासाठीचा प्रश्नांचा सीबॅक फॉर्म भरताना कमरेचा घेर मोजते, तंबाखू विचारते (आमच्याकडे मशेरी लावणाऱ्या बायका 'तंबाखू नाही' असंच सांगतात, म्हणून मशेरी वेगळी विचारावी लागते), घरात कुणाला हृदयविकार आहे का तेही विचारते. एवढं विचारून कोलेस्टेरॉल मात्र तपासत नाही. माझी ही बाई २९ वर्षांची होती, म्हणून तिच्यापर्यंत हा फॉर्मसुद्धा पोचला नाही.

भारतीय हृदयरोगतज्ज्ञांच्या संघटनेने, कार्डिओलॉजिकल सोसायटी ऑफ इंडियाने, २०२४ मध्ये कोलेस्टेरॉलबद्दल मार्गदर्शक सूचना काढल्या. पहिली तपासणी १८ व्या वर्षी करा, घराण्यात लवकर हृदयविकार असेल तर त्याहीआधी, असं त्यात सांगितलं आहे. पहिल्या तपासणीला उपाशीपोटी येण्याची गरज नाही, असंही म्हटलं आहे. शहरात हे किरकोळ वाटेल. पण पहाटे पाचला भाकरी थापून शेतावर जाणाऱ्या बाईला 'उद्या उपाशी ये' म्हटलं की ती परत येत नाही, हे मी आयुष्यभर पाहिलंय. आलेल्या पावली रक्त घेता आलं तरच ते घेतलं जातं.

'अंगावर मांस नाही, हिला कसलं कोलेस्टेरॉल?' हे मी डॉक्टरांच्या तोंडूनही ऐकलंय. आनुवंशिक, म्हणजे घराण्यातून आलेलं जास्तीचं कोलेस्टेरॉल बारीक बाईलाही असतं. साधारण २५० ते ३०० माणसांत एकाला ते असतं आणि ज्या बाईला असतं, तिच्या प्रत्येक मुलाला ते मिळण्याची शक्यता निम्मी. म्हणून त्या बाईच्या सात वर्षांच्या मुलीला मी स्वतः जिल्ह्याला नेलं. तिचंही एलडीएल चढलेलं, १७६ आलं. बालरोगतज्ज्ञांनी खाण्यापिण्याचं सांगितलंय, दोन-तीन वर्षांनी गोळीचं ठरवू म्हणालेत. मुलगी वेळेत सापडली, पण त्यासाठी आईला झटका यावा लागला.

आणखी एक गोष्ट आमच्या जिल्ह्याची. २०१९ मध्ये ऊसतोड बायकांच्या गर्भपिशव्या काढल्याची चौकशी झाली. पाहणी केलेल्या ८२ हजारांहून अधिक बायकांपैकी १३ हजारांहून अधिक जणींची पिशवी काढलेली निघाली. त्यावर विधिमंडळात बोललं गेलं, शस्त्रक्रियांना परवानगीचे नियम आले. पण ज्यांची पिशवी आधीच गेली, त्यांचं पुढे काय? पिशवीबरोबर बीजकोषही गेले असतील तर पाळी जाण्याचं वय तिशीतच गाठलं जातं, एलडीएल चढतं, हृदयाचा धोका वाढतो. या बायका आज फडात कोयता चालवतायत आणि त्यांच्या हृदयाची नोंद कुठेच नाही.

म्हणून माझी मागणी. गोवर-रुबेलाच्या पहिल्या लसीला बाळ नऊ महिन्यांचं होतं आणि आई ते घेऊन येतेच. गरोदरपणात कोलेस्टेरॉल आपोआप चढतं, त्यामुळे तेव्हा तपासून उपयोग नसतो. बाळंतपणानंतरच्या नऊ महिन्यांत ते खाली आलेलं असतं. त्या दिवशी प्रत्येक आईचं बीपी मोजा. जिला गरोदरपणी बीपी किंवा साखर होती, जिला पीसीओडी (बीजकोषांचा, पाळी अनियमित करणारा आजार) आहे किंवा जिच्या आईवडिलांना लवकर झटका आला, तिचं साखरेबरोबर लिपिड प्रोफाइल, म्हणजे रक्तातल्या कोलेस्टेरॉलची तपासणी, करा. पिशवी काढलेल्या बायकांसाठी कारखान्यावर निघण्याआधी, दसऱ्याच्या सुमारास, वेगळा दिवस ठेवा. सरकारी दवाखान्यांतलं रक्त मोफत तपासणारी महालॅबची व्यवस्था राज्यात आहेच. कोलेस्टेरॉल कमी करणारी अॅटोरव्हास्टॅटिनची गोळी राष्ट्रीय आवश्यक औषधांच्या यादीत आहे, ती प्राथमिक आरोग्य केंद्रात कायम मिळावी. दिवस राहण्याचा विचार असेल तर ही गोळी आधी डॉक्टरांना विचारून थांबवायची, हे मात्र प्रत्येकीला समजावून सांगायला हवं. तेवढा वेळ सेविकेला द्या.

२०२२ च्या नवरात्रात 'माता सुरक्षित तर घर सुरक्षित' अभियानात १८ वर्षांवरच्या बायका तपासल्या, तेव्हा मी नोकरीत होते. बायका रांगा लावून आल्या होत्या. बोलावलं तर त्या येतात.

आमच्या उपकेंद्रातल्या आशाताईंनी जुन्या नोंदवह्यांमधून गरोदरपणी बीपी वाढलेल्या बायकांची यादी काढली आहे. घरोघरी जाऊन त्या बीपी मोजतायत. रक्त घेण्याचा आदेश मात्र तुमच्याकडून यायला हवा.

आपली नम्र,
बीड जिल्ह्यातली एक निवृत्त आरोग्य सेविका