वसुबारसेच्या आधी एक सूचना लागावी म्हणून अध्यक्षांना पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष,
सहकारी गृहनिर्माण संस्था,
ठाणे (पश्चिम)

विषय : दिवाळीत सोसायटीतल्या पाळीव आणि भटक्या प्राण्यांना फराळ, चॉकलेट व सुकामेवा दिला जाऊ नये, यासाठी सूचना काढण्याबाबत

अध्यक्ष महोदय,
स. न. वि. वि.

परवा कोजागिरीला आपण सगळे गच्चीवर होतो. चंद्राला नैवेद्य दाखवून झाल्यावर ए विंगमधला एक सात-आठ वर्षांचा मुलगा आपला अर्धा उरलेला पेला घेऊन जिन्याच्या दारापाशी गेला आणि तिथे अंग चोरून बसलेल्या राणीपुढे, म्हणजे आपल्या आवारातल्या भटक्या कुत्रीपुढे, त्यानं तो ठेवला. "घे, तुलापण," असं म्हणाला. पेल्याच्या तळाशी पिस्त्याचे काप होते आणि कुणीतरी हौसेनं टाकलेले बेदाणे होते. मी धावत जाऊन पेला उचलला. मुलगा रडवेला झाला. त्याच्या आईला वाटलं, मी कुत्रीला हाकलायला आले. चारचौघांत, गाणी चालू असताना, बेदाण्यांचं शास्त्र सांगता येईना. म्हणून हे पत्र लिहिते आहे. वसुबारस दहा-बारा दिवसांवर आली आहे, त्याआधी समितीनं यात लक्ष घालावं.

मागच्या दिवाळीत आमच्या बिट्टीचं, आमच्या घरच्या कुत्रीचं, काय झालं, ते बी विंगमध्ये थोड्यांना माहीत आहे, बाकीच्यांना नाही. लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी कुरियरवाला सुक्यामेव्याचा डबा देऊन गेला. आम्ही पूजेत होतो, म्हणून तो दाराबाहेर चपलांच्या रॅकवर ठेवला गेला. आरती झाली, मी दार उघडून समोरच्या काकूंशी बोलत उभी राहिले, तेवढ्यात बिट्टीनं डब्याचा कागद फाडला. चार कप्प्यांपैकी बेदाण्यांचा कप्पा तिनं चाटूनपुसून साफ केला. बदामांना तोंडही लावलं नव्हतं. मी तिला ओरडले आणि मनात म्हटलं, जाऊ दे, द्राक्षंच तर आहेत, बरं झालं चॉकलेट नव्हतं.

रात्री दोनला तिनं ओकारी काढली. बाहेर लडी लागत होत्या. ती दरवर्षी फटाक्यांना घाबरते, पोट बिघडतं, म्हणून मी फरशी पुसली आणि तिला कुशीत घेऊन झोपले. सकाळी पलंगाखाली दुसरी ओकारी दिसली. तिच्यात बेदाणे होते, पाण्यात भिजवून ठेवावेत तसे फुगून टपोरे झालेले. पाडव्याच्या दिवशी ती जागची उठेना, पाणी पिईना, संध्याकाळपर्यंत तिला लघवीला झालं नाही. जवळचा दवाखाना दिवाळीमुळे बंद होता. तिसऱ्या ठिकाणी डॉक्टर भेटले. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "द्राक्षं किंवा मनुके खाल्ले का?" माझ्या पोटात गोळा आला. रक्त तपासलं तर क्रिएटिनिन वाढलेलं होतं, म्हणजे मूत्रपिंडांना मार बसला होता. चार दिवस सलाईन. बिट्टीचं वजन जेमतेम नऊ किलो. पुढच्या पायाचा केस काढलेला एवढासा भाग, त्यात सुई, त्यावर निळी पट्टी, आणि मी भाऊबीजेला भावाकडे न जाता दवाखान्याच्या बाकावर. ती वाचली. आज मूत्रपिंडाच्या पथ्यावर आहे.

डॉक्टर म्हणाले, खाल्ल्यावर पहिल्या तास-दोन तासांत आणलं असतं तर उलटी करवून बरंचसं बाहेर काढता आलं असतं. आम्ही जवळजवळ चोवीस तास घालवले. ते मला अजून सलतं.

कुत्र्यांच्या बाबतीत बेदाण्यांचं प्रमाण सांगता येत नाही, हे सगळ्यात वाईट. एखादा कुत्रा मूठभर खाऊन ठणठणीत राहतो, दुसऱ्याची थोड्याशानं मूत्रपिंडं बंद पडतात. "आमचा टॉमी तर नेहमी खातो" या वाक्याला म्हणून काही अर्थ नाही. द्राक्षातलं टार्टारिक आम्ल हे त्याचं कारण असावं, असं आता पशुवैद्य मानतात. तेच आम्ल चिंचेत भरपूर असतं, आणि चिंच खाल्लेल्या कुत्र्यांची मूत्रपिंडं तशीच बिघडल्याच्या नोंदी २०२२ मध्ये प्रसिद्ध झाल्या आहेत. आपल्याकडे भाऊबीजेनंतर उरलेल्या चिवड्याची भेळ होते. वर बारीक चिरलेला कांदा, चिंचगुळाची चटणी. ती भेळ खाली पार्किंगमध्ये कागदावर ओतून "खा रे" म्हणणारे आपल्यात कमी नाहीत, आणि सगळे प्रेमानंच करतात. पण त्या एका कागदावर कुत्र्याला नको असलेल्या दोन गोष्टी एकत्र येतात.

दुसरी गोष्ट म्हणजे कांदा. कांदा आणि लसूण कच्चे, तळलेले, वाळवलेले, पूड केलेले, कसेही असोत, कुत्र्या-मांजरांच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतात. त्रास लगेच दिसत नाही, तीन-चार दिवसांनी जनावर मलूल होतं, हिरड्या पांढुरक्या पडतात, लघवी गडद होते, आणि तोवर कांदा कुणाच्या लक्षातही नसतो. मांजरांना तर फारच कमी पुरतो. किलोमागे साधारण ५ ग्रॅम कांदा मांजराला बाधतो, म्हणजे चार किलोच्या मांजराला दोन मोठे चमचे चिरलेला कांदा. सी विंगच्या तळमजल्यावरच्या आजी त्यांच्या माऊला लसूण शेव घालतात, तिला ती आवडतेही. मी त्यांना एकदा सांगितलं आहे, पण माझ्यापेक्षा समितीच्या कागदाला त्या जास्त मानतील.

चॉकलेटचं बहुतेकांना ऐकून माहीत असतं, कारण माहीत नसतं. कोकोत थिओब्रोमिन नावाचं द्रव्य असतं. आपल्या शरीरातून ते सात ते दहा तासांत निम्मं निघून जातं, कुत्र्याच्या शरीरात निम्मं व्हायलाच सतरा-अठरा तास लागतात. त्यामुळे ते साठतं, छाती धडधडते, कुत्रा सैरभैर होतो, जास्त झालं तर झटके येतात. दहा किलोच्या कुत्र्यानं १०० ग्रॅम डार्क चॉकलेट खाल्लं तर हृदयाचे ठोके बिघडण्याइतकं विष पोटात गेलं. दुधाच्या चॉकलेटमध्ये ते साधारण निम्म्याहून कमी असतं, कोको पावडरमध्ये सगळ्यात जास्त. इथे मला एक स्पष्ट विनंती करायची आहे. किल्ला स्पर्धेत गेली काही वर्षं आपण बक्षीस म्हणून चॉकलेटचे डबे देतो. मुलं ते तिथेच, किल्ल्यापाशी उघडतात, आणि राणी आणि तिची पिल्लं मावळ्यांच्या भोवती बसलेलीच असतात. या वर्षी रंगपेट्या द्या, पुस्तकं द्या. खर्च तेवढाच येईल.

'शुगर फ्री' मिठाई आणि च्युइंगमचं वेगळं सांगते, कारण मधुमेही माणसं असलेल्या घरांत ती हटकून येते. त्यातल्या काहींत झायलिटॉल असतं. माणसाला ते चालतं. कुत्र्याच्या अंगात त्यानं इन्सुलिन एकदम वाढतं आणि अर्ध्या-एक तासात साखर इतकी उतरते की तो लटपटून पडतो. किलोमागे ०.१ ग्रॅम एवढंच त्याला पुरतं, आणि त्याहून बरंच जास्त गेलं तर यकृत निकामी होऊ शकतं. डबा उलटून घटक वाचावेत, एवढंच.

आता आपला नेहमीचा फराळ. शंकरपाळ्यात, चकलीत विष असं काही नाही. पण तळलेलं आणि तुपातलं एकदम पोटात गेलं की स्वादुपिंडाला सूज येऊ शकते, आणि तो त्रास फार वेदनेचा असतो. मागच्या वर्षी भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी राणी वॉचमनच्या केबिनमागे पाठ कमानीसारखी करून उभी होती. बसता येत नव्हतं, झोपता येत नव्हतं. आपल्या रात्रपाळीच्या वॉचमनकाकांनी तीन दिवस तिला पाण्याचा वाडगा तोंडापाशी धरला. एकेका विंगमधून तिला चकल्या, बेसनाचे लाडू, करंज्या मिळाल्या होत्या. प्रत्येक घरानं एकच दिली होती, पण आपल्याकडे घरं ९६ आहेत. रव्याच्या लाडवावर तर आपण शोभेला एक बेदाणा टोचतोच, करंजीच्या सारणातही असतात. पणतीतल्या तुपाचंही लक्ष ठेवावं. तूप चाटताना वात गिळली जाते आणि दोऱ्यासारखी आतड्यात अडकू शकते. ज्यांच्याकडे लव्हबर्ड आहेत त्यांनी पिंजऱ्यात चॉकलेट किंवा ॲव्होकॅडो घालू नये, पक्ष्यांना दोन्ही घातक आहेत. ३१ डिसेंबरला हाडांबद्दल पुन्हा लिहीन. शिजवलेलं हाड चिरफळतं आणि घशात रुततं, इतकं आत्ता पुरे.

समितीकडे मागणं असं आहे.

दाराबाहेर रात्रभर ठेवलेला ओला कचरा ही आपली जुनी सवय आहे. मावशी सकाळी आठला येतात, तोवर पॅसेजमधली पिशवी फाटलेली असते. दिवाळीच्या आठवड्यात झाकणाचे डबेच बाहेर ठेवावेत, किंवा कचरा सकाळीच काढावा, असं कळवावं. भेटीचे डबे कुणाच्या दारात, चपलांच्या रॅकवर ठेवू नयेत. घरी कुणी नसेल तर केबिनमध्ये वरच्या फळीवर ठेवून फोन करावा, हे वॉचमनना सांगावं.

राणी आणि तिच्या पिल्लांना घालायची जागा ठरवावी. प्राणी जन्म नियंत्रण नियम, २०२३ मध्ये हे काम रहिवासी संघटनेकडेच सोपवलेलं आहे. जागा जिने, प्रवेशद्वार आणि मुलांच्या खेळण्याच्या जागेपासून दूर असावी, असंही त्यात आहे. जनरेटरच्या खोलीमागची फरशी मला योग्य वाटते. जागा ठरली की कुणी काय घालतं ते दिसतं, आणि ज्यांना कुत्र्यांची भीती वाटते त्यांनाही पार्किंगमध्ये मोकळेपणी वावरता येतं. सणाचं गोडधोड द्यायची ज्यांना इच्छा आहे त्यांनी बिनमिठाचा भात आणि उकडलेलं अंडं द्यावं, नाहीतर साधी पोळी. ती तेवढ्याच आनंदानं खातात. तिथला रोजचा वाडगा धुवायचं काम मी घेते.

तिसरं, केबिनच्या भिंतीवर रात्री उघड्या असणाऱ्या प्राण्यांच्या दवाखान्यांचे नंबर लावावेत. परळचं बैलघोडा हॉस्पिटल सगळ्यांना ऐकून माहीत आहे, पण आपल्याकडून तिथवर जायला रस्ता मोकळा असला तरी तासभर जातो, म्हणून ठाण्यातलेच नंबर हवेत. ते दिवाळीत खरोखर चालू आहेत का, हे आधी फोन करून विचारायला हवं. ते मी करते. त्याच कागदावर लिहावं की प्राण्यानं काही खाल्लं तर वाट बघू नये, खाल्लेल्या वस्तूचं वेष्टन बरोबर न्यावं, किती वाजता खाल्लं ते लक्षात ठेवावं, आणि घरी मिठाचं पाणी पाजून उलटी काढायच्या भानगडीत पडू नये. मिठानं रक्तातलं सोडियम वाढून जनावर दगावू शकतं. आम्हाला तेव्हा मिठाच्या पाण्याचाच सल्ला तिघांनी फोनवरून दिला होता.

सोसायटीत सगळ्यांनाच प्राणी आवडतात असं नाही, हे मला माहीत आहे, आणि त्यांची कटकट वाढावी असा हेतू नाही. यातलं जवळजवळ काहीच खर्चाचं नाही. मासिक सभेपर्यंत थांबलो तर दिवाळी होऊन गेलेली असेल, म्हणून आपण आणि सचिवांनी मिळून सूचना काढावी ही विनंती.

सूचनेचा मजकूर एका पानात लिहून सोबत जोडला आहे, मोठ्या अक्षरात, म्हणजे आजीआजोबांना आणि मुलांना दोघांनाही वाचता येईल. आपली सही आणि शिक्का झाला की तिन्ही विंगच्या लिफ्टमध्ये आणि केबिनवर मीच चिकटवीन.

कळावे,
आपली नम्र,
बी विंगमधील एक सभासद
(बिट्टीची आई)