माप घेताना ऐकलेलं

मा. संपादक,
स. न. वि. वि.

ऑक्टोबरात आपल्या पुरवणीत ‘कर्करोगावर मात’ केलेल्या पाच जणींचा फोटो आला होता. सगळ्या गुलाबी साड्यांत, हसऱ्या. फोटोबद्दल तक्रार नाही. पण मी शिवणकाम करणारी बाई, माझी नजर आधी ब्लाउजवर जाते आणि मग हातांवर. एकीने उजव्या हाताची बोटं डाव्या मुठीत धरली होती. सकाळी मीही तशीच धरते. हिलाही गोळी चालू असणार, असं मनात आलं. ते आठवडाभर गेलं नाही, म्हणून हे पत्र.

मी कराडची, वय ५८. तीस वर्षं ब्लाउज शिवते. २०२२ च्या पावसाळ्यात डाव्या स्तनात गाठ निघाली. ऑपरेशन, केमो, रेडिएशन सगळं झालं. त्याबद्दल लोक पुष्कळ लिहितात, मी लिहीत नाही. मार्च २०२३ पासून आजार उलटू नये म्हणून लेट्रोझोल नावाची गोळी सुरू झाली. अडीच मिलिग्रॅम, रोज एक, पाच वर्षं. “आता काही नाही, एक गोळी तेवढी घ्यायची,” असं सांगून मला घरी पाठवलं.

जूनपासून सकाळी मूठ वळेना. दाराची कडी दोन्ही हातांनी काढायची. मधलं बोट वाकलं की तिथंच अडकायचं, दुसऱ्या हाताने ओढून सरळ करावं लागायचं, आणि सुटताना कट्ट वाजायचं. कात्री धरली की अंगठ्याच्या मुळातून कळ जायची. शेजारी म्हणाल्या वात आहे. गल्लीतल्या डॉक्टरांनी वय झालं म्हणून सांगितलं आणि दुखण्याची गोळी दिली. हाडांच्या डॉक्टरांनी ‘ट्रिगर फिंगर’ असं नाव दिलं. पण ‘तुम्हाला दुसरी कुठली गोळी चालू आहे?’ हे तिघांपैकी कुणीच विचारलं नाही, आणि मलाही सांगायचं सुचलं नाही. कॅन्सरची गोळी आणि बोटं, यांचा काय संबंध?

दिवाळीच्या ऑर्डरी हातात आणि हात कामाचा नाही. रात्री अंगातून वाफा यायच्या, उशी ओली व्हायची, त्यामुळे झोपही नाही. एका रात्री गोळ्यांची पट्टी डब्यात मागे सारली. ह्यांनाही सांगितलं नाही. तिसऱ्या आठवड्यात कात्री चालायला लागली, तेव्हा दुखणं कशाचं ते कळलं. आनंद व्हायला हवा होता, पण भीतीने पोटात गोळा आला. अशा ४२ गोळ्या मी घेतल्या नाहीत.

पकडले गेले तेही शिल्लक पट्ट्यांमुळेच. डिसेंबरच्या तपासणीत डॉक्टर तीन महिन्यांच्या गोळ्या लिहायला लागले, तेव्हा मी म्हटलं, थोड्या कमी लिहा, घरी आहेत. त्यांनी पेन खाली ठेवलं. रागावले नाहीत. “आधी का नाही सांगितलंत?” एवढंच म्हणाले. तुम्ही विचारलं कुठं, हे माझ्या ओठांवर आलं होतं. बाहेर साठ बायका बसलेल्या. हा माणूस तरी कधी विचारणार?

पण त्या दहा मिनिटांत मला जे कळलं, ते पहिल्या दिवशी कळायला हवं होतं. पाळी गेल्यावरही शरीर चरबीतून थोडं इस्ट्रोजेन, म्हणजे बायकांचं हार्मोन, बनवत असतं. माझ्या गाठीला तेच खाद्य होतं, म्हणून ही गोळी ते बनणंच बंद पाडते. पण सांध्यांना, हाडांना, झोपेलाही त्या इस्ट्रोजेनची सवय असते. या जातीच्या गोळ्यांनी सांधे आखडणं हा डॉक्टरांना चांगला ठाऊक असलेला त्रास आहे. मनाने गोळी सोडली तर आजार उलटायचा धोका वाढतो. पण डॉक्टरांच्या सल्ल्याने दोन-तीन आठवडे थांबून त्याच जातीची दुसरी गोळी देता येते. मला एक्झेमेस्टेन दिली, २५ मिलिग्रॅम, जेवणानंतर. थंडीत बोट अजून अडकतं, पण कात्री चालते. म्हणजे उपाय होता, आणि मी सहा महिने वाताचं तेल चोळत बसले होते.

माझी भाची फिजिओथेरपिस्ट आहे. तिने दुसरं औषध दिलं, चालणं आणि वजनं. अमेरिकेत २०१५ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात याच जातीच्या गोळ्यांनी सांधे दुखणाऱ्या बायकांना वर्षभर आठवड्याला अडीच तास चालायला आणि दोनदा वजनं उचलायला लावलं होतं. त्यांचं दुखणं जवळजवळ तीस टक्क्यांनी उतरलं. सांधे दुखत असताना वजनं उचला म्हणते, म्हणून मी आधी तिलाच हसले. आता रोज प्रीतिसंगमापर्यंत जाऊन येते आणि आठवड्यातून दोनदा लिटरच्या दोन भरलेल्या बाटल्या उचलते. हे खुर्चीत बसून कवायतीसारखे आकडे मोजतात, एखादा चुकवतातही. हाडांची घनता मोजणारी डेक्सा तपासणी मात्र मीच मागून घेतली, गोळी सुरू होऊन सव्वा वर्ष झाल्यावर. हाडं विरळ झालेली निघाली. आता कॅल्शियम, डी जीवनसत्त्व आणि सहा महिन्यांनी शिरेतून इंजेक्शन चालू आहे.

खरं सांगायचं ते पुढेच आहे. माझा एक स्तन काढलेला आहे. माझे ब्लाउज मीच शिवते, अस्तराला आतून कप्पा ठेवते, आणि त्यात सुती पिशवीत मोहरी भरून केलेला पॅड बसतो. मोहरी वजनाला बरोबर होते, पदर एका बाजूला घसरत नाही. हे बघून तपासणीच्या रांगेतल्या बायका माझ्याकडे ब्लाउज शिवायला यायला लागल्या. माप घ्यायला मी पडदा ओढते. टेप गळ्यात, बाई हात वर करून उभी, आणि मग जे डॉक्टरांना सांगितलेलं नसतं ते ती मला सांगते.

एक जण दिवसाआड गोळी घेते. एकीने वर्षातच बंद केली, मुलाला वाटतं चालू आहे. एकीला शेजारणीने शतावरी कल्प आणून दिला, तो ती डॉक्टरांना न विचारता घेत होती. एक ३९ वर्षांची पोरगी, तिला टॅमॉक्सिफेन, म्हणजे याच आजारावरची दुसऱ्या जातीची गोळी, चालू. मन खचलं म्हणून दुसऱ्या डॉक्टरांकडे गेली, त्यांनी फ्लुऑक्सेटिन लिहिली आणि हिने टॅमॉक्सिफेनचं नावच काढलं नाही. या दोन गोळ्यांचं जमत नाही. टॅमॉक्सिफेनचं शरीरात जे कामाचं औषध बनतं, ते फ्लुऑक्सेटिनमुळे कमी बनतं. भाचीने ऐकताच तिला दोन्ही डॉक्टरांकडे पाठवलं. मनाची गोळी बदलून मिळाली.

आणि एक गोष्ट अशी, की पडद्याआडही त्या अर्धीच बोलतात. मी इथे पूर्ण लिहिते. योनीमार्ग कोरडा पडतो. नवऱ्याजवळ जाणं राहू दे, लघवीलाही जळजळ होते. समोर पुरुष डॉक्टर, बाजूला शिकाऊ पोरं, पाठीशी पुढचा पेशंट फाइल घेऊन उभा. तिथे हे कोण बोलणार? मी दीड वर्ष बोलले नाही. शेवटी चिठ्ठीवर लिहून दिलं. डॉक्टरांनी ती वाचून, वर न बघता, हार्मोन नसलेल्या जेलचं नाव लिहिलं. औषधाच्या दुकानात सहज मिळतं. बिचाऱ्यांना माझ्यापेक्षा जास्त संकोच झाला होता. इस्ट्रोजेन असलेलं मलम मात्र कॅन्सरच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय लावायचं नाही, हेही त्यांनी खाली लिहून दिलं.

तर मागणी एवढीच. प्रत्येक तपासणीला डॉक्टरांच्या आधी एका नर्सबाईंनी दहा मिनिटं पडद्याआड बसवून विचारावं: बोटं, झोप, वाफा, लघवी, मन, आणि किती गोळ्या चुकल्या. न ओरडता विचारावं. त्याला मशीन लागत नाही, इमारत लागत नाही. एक पडदा लागतो, तो मी फुकट शिवून देईन. आणि पुढच्या ऑक्टोबरात पुरवणी काढाल तेव्हा फोटोतल्या बायकांना ‘मात कशी केलीत’ याबरोबर ‘सकाळी मूठ वळते का’ हेही विचारा.

नाव छापायला माझी हरकत नाही, पण आमच्या ह्यांची आहे, म्हणून छापू नये. तसं गिऱ्हाइकांना सगळं माहीत आहे. त्या दिवाळीला ब्लाउज उशिरा का झाले, याचं कारण त्यांना सांगावंच लागलं होतं.

आपली,
एक वाचक, कराड