स्कोल्सने देशाकडे पाठ फिरवली?

महोदय,

इंग्लंडच्या तथाकथित ‘सोनेरी पिढी’वरचा आपल्या क्रीडा पानावरील लेख वाचला. लेख वाचनीय आहे, पण मँचेस्टर युनायटेड आणि इंग्लंडचा मध्यरक्षक पॉल स्कोल्स याला त्यात एकाच वाक्यात निकालात काढले आहे : ऐन उमेदीत देशाकडे पाठ फिरवणारा खेळाडू. ते खटकले, म्हणून हा पत्रप्रपंच.

ऑगस्ट २००४ मध्ये, वयाच्या २९व्या वर्षी, ६६ सामने आणि १४ गोल नावावर असताना स्कोल्स आंतरराष्ट्रीय फुटबॉलमधून बाहेर पडला, हे खरे. कुटुंब आणि क्लब ही कारणे त्याने तेव्हाच दिली होती आणि त्यावर अविश्वास दाखवायचे मला तरी कारण दिसत नाही. पण त्याआधी इंग्लंडने त्याचे काय केले, हे लेखात यायला हवे होते. मार्च १९९९ मध्ये वेम्बलीवर पोलंडविरुद्ध हॅट्ट्रिक करणारा हा गडी. पुढे जेरार्ड आणि लॅम्पार्ड या दोघा मध्यरक्षकांना मध्यभागी बसवायचे म्हणून इंग्लंडचे तेव्हाचे प्रशिक्षक एरिक्सन यांनी उजव्या पायाच्या स्कोल्सला डावीकडे सरकवले. २००४च्या युरो स्पर्धेत तो तिथेच खेळला. क्रोएशियाविरुद्ध त्याने हेडरने गोल केला, तो देशासाठी तीन वर्षांनंतरचा पहिला! लिस्बनला पोर्तुगालविरुद्ध त्याला तासाभराच्या आतच बाहेर बोलावले गेले. इंग्लंड पेनल्टींवर हरले आणि स्कोल्सचा देशासाठीचा तो शेवटचा सामना ठरला.

हा खेळाडू मध्यभागीच का हवा, हे मँचेस्टर युनायटेडचे सामने पाहणाऱ्याला सांगावे लागत नाही. चेंडू पायाशी येण्याआधी तो मान वळवून मागे एकदा पाहून घ्यायचा. प्रतिस्पर्धी अंगावर येईपर्यंत चेंडू चाळीस यार्डांवर उजव्या बगलेला पोचलेला असायचा, तोही नेमका पळणाऱ्याच्या पुढ्यात. बाजूच्या रेषेला चिकटवलेल्या माणसाला अर्धे मैदान दिसतच नाही, मग पास देणार कुणाला? ब्रॅडफर्डविरुद्धचा २०००चा गोल आठवा. बेकहॅमने कॉर्नर मारला आणि पेनल्टी क्षेत्राच्या बाहेर मोकळ्या उभ्या असलेल्या स्कोल्सने चेंडू जमिनीला टेकू न देता जाळ्यात धाडला. आजही तो तुकडा समोर आला की पुन्हा पाहिल्याशिवाय राहवत नाही.

आणि निष्ठेचेच म्हणाल तर ७१८ सामने, सगळे एकाच क्लबसाठी, तेही दम्याचा त्रास असताना. मे २०११ मध्ये निवृत्त झालेला स्कोल्स जानेवारी २०१२ मध्ये परत आला आणि थेट मँचेस्टर सिटीविरुद्ध एफए कपच्या सामन्यात बदली म्हणून उतरला. त्या दिवशी त्याच्याच चुकलेल्या पासवर सिटीने गोल केला, ही गोष्ट वेगळी. सामना युनायटेडनेच जिंकला. पुढच्याच हंगामात अकरावे लीग विजेतेपद मिळवून तो कायमचा थांबला.

२०१०च्या विश्वचषकाआधी इंग्लंडचे तेव्हाचे प्रशिक्षक कॅपेलो यांच्याकडून विचारणा झाली तेव्हा त्याने नकार दिला, हे लेखकाने अधोरेखित केले आहे. त्या वेळी तो ३५ वर्षांचा होता आणि सहा वर्षे देशाकडून खेळलेला नव्हता. त्यात देशद्रोह कसला?

लेखकाला टीकाच करायची होती तर स्कोल्सच्या टॅकलवर करायची. ते भयंकरच असायचे. तुरिनला युव्हेंटसविरुद्ध बदली म्हणून येऊन त्याने पिवळे कार्ड ओढवून घेतले आणि त्यामुळे आलेल्या बंदीपायी १९९९चा चॅम्पियन्स लीगचा अंतिम सामना त्याला सूट घालून पाहावा लागला. त्यानंतर पंधरवडाही उलटला नाही तोच स्वीडनविरुद्ध दोन पिवळी कार्डे घेऊन तो बाहेर गेला. जुन्या वेम्बलीवर लाल कार्ड मिळालेला इंग्लंडचा तो एकमेव खेळाडू. एवढे लिहिले असते तर मी हे पत्र पाठवले नसते.

आपला,
एक नियमित वाचक, कोल्हापूर