स्किबरीनच्या त्या बाईंचे आभार

गेल्या ऑक्टोबरात मी माझ्या आयरिश सासूबाईंसह आयर्लंडच्या कौंटी कॉर्कमधील स्किबरीनजवळच्या अ‍ॅबीस्ट्रूरी दफनभूमीत गेले होते. 1845 मध्ये बटाट्यावर पडलेल्या रोगाने सुरू झालेल्या महादुष्काळातील सुमारे 8,000 ते 10,000 माणसे तेथे सामुदायिक खड्ड्यांत पुरलेली आहेत, आणि त्यांत सासूबाईंच्या पणजोबांची दोन भावंडे असल्याचे त्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या, तेही दबक्या आवाजात, सांगितले जाते.

ओल्या गवतावर सासूबाईंचा पाय घसरून घोटा सुजला. पाऊस सुरू झालेला आणि माझा फोन बंद पडलेला. तेव्हा कुत्र्याला फिरवायला आलेल्या एका वयस्क बाईंनी स्वतःचा कोट सासूबाईंच्या अंगावर घातला, आम्हांला गाडीतून घरी नेले, घोट्याला पट्टी बांधली आणि डॉक्टरांना बोलावले.

डॉक्टर येईपर्यंत त्यांनी सालासकट उकडलेले बटाटे व लोणी समोर ठेवले आणि आपली आजी ताटात बटाट्याचा तुकडाही का उरू देत नसे, ते सांगितले. आयरिश भाषेत त्या वर्षांना ‘वाईट काळ’ एवढेच म्हणतात. माझ्याशी या विषयावर चार वाक्यांपलीकडे कधीही न बोललेल्या सासूबाई मग तासभर बोलत राहिल्या, आणि त्या बाईंनी एकदाही त्यांना मध्ये तोडले नाही.

गडबडीत त्यांचे नाव विचारायचे राहिले, ही चूक माझी. बाई, घोटा आता बरा आहे. आम्हां दोघींकडून आपले मनापासून आभार.