बाराबंदीतली पोरं आणि कुंची शिवणाऱ्या सिस्टर

माझी लेक जन्मली तेव्हा तिच्या टाळूवर माझ्या तीन बोटांएवढ्या जागेत कातडीच नव्हती. अप्लेझिया क्युटिस म्हणतात याला. लहान जखम नुसत्या मलमपट्टीने भरते; हिची मोठी होती. तिथूनच डोक्यातली मोठी रक्तवाहिनी जाते, जखम कोरडी पडून खपली तडकली तर खूप रक्त जाईल, असं डॉक्टरांनी बजावलं होतं.

सोलापुरात सिद्धेश्वरांच्या यात्रेच्या, म्हणजे गड्ड्याच्या दिवसांत तेच झालं. अक्षता सोहळ्याच्या दिवशी पट्टी लाल झाली आणि आमची रिक्षा नंदीध्वजांच्या मिरवणुकीत अडकली. पांढऱ्या बाराबंदीतल्या चार पोरांनी हातांची साखळी केली. "सरका, बाळ आहे!" ओरडत त्यांनी आम्हाला पार नेलं. एक जण दवाखान्याच्या दारापर्यंत अनवाणी धावत आला. घाईत मी त्याचं नावही विचारलं नाही.

शेजारची कातडी सरकवून डॉक्टरांनी जखम झाकली, उघड्या पडलेल्या जागी मांडीची पातळ कातडी लावली.

घरचं टोपरं टाक्यांना टोचायचं, पोर रडायची. वॉर्डातल्या सिस्टरनी ते पाहिलं. दुसऱ्या रात्री ड्युटीवर येताना त्यांनी आपल्या जुन्या सुती साडीची कुंची शिवून आणली. शिवण मुद्दाम बाहेरच्या बाजूला, आत काही घासू नये म्हणून. पैसे विचारले तर म्हणाल्या, "अहो ताई, लेकराला घाला आधी."

कुंची आता तिला होत नाही. धुऊन, घडी घालून ठेवली आहे. सिस्टर, आणि त्या चौघा भावांनो, मनापासून आभार.