प्रोसेसर सुचवण्याआधी ‘खेळ कोणत्या यंत्राचे?’ असे विचारणाऱ्या सरांस आभारपत्र

डिचोली, गोवा

आदरणीय सर,

सादर नमस्कार.

आपण फोंड्याच्या दुकानात जुळवून दिलेला संगणक आमच्या घरी व्यवस्थित चालू आहे आणि त्यावर माझा धाकटा भाऊ व मी आमच्या प्लेस्टेशन २ या जुन्या खेळयंत्राच्या डिस्क पुन्हा खेळू लागलो आहोत. आपले आभार प्रत्यक्ष भेटून मानता आले असते. तरीही हे पत्र मी सर्वांना वाचता येईल असे लिहीत आहे, कारण इम्युलेशनसाठी, म्हणजे संगणकावर दुसऱ्या यंत्राची नक्कल करून त्याचे खेळ चालवण्यासाठी, कोणता प्रोसेसर घ्यावा हा प्रश्न आमच्यासारख्या अनेकांना पडतो आणि त्याचे उत्तर बहुतेक ठिकाणी ग्राहकाचे बोलणे पुरते ऐकून घेण्याआधीच तयार असते, ते म्हणजे खिशाला परवडेल तेवढा मोठा घ्या. आपण मात्र किती पैसे आहेत हे नंतर विचारले. आधी विचारले ते हे, की नक्कल कोणत्या यंत्राची करायची आहे.

प्लेस्टेशन २ मुख्य आणि जमल्यास पुढे प्लेस्टेशन ३, असे मी सांगितल्यावर आपण त्या दोन यंत्रांतील फरक ज्या सावकाशीने समजावून दिला, ती सावकाशी औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत अनेक वर्षे शिकवलेल्या माणसाचीच असू शकते. प्लेस्टेशन २ चा ‘इमोशन इंजिन’ हा प्रोसेसर सुमारे २९५ मेगाहर्ट्झचा आहे. आजचा साधा प्रोसेसरही चार गिगाहर्ट्झच्या पुढे जातो, मग अडचण कुठे येते, ही माझी शंका होती. आपण सांगितले की इम्युलेटरला, म्हणजे ही नक्कल करणाऱ्या प्रोग्रामला, त्या परक्या प्रोसेसरची प्रत्येक आज्ञा आपल्या प्रोसेसरच्या भाषेत भाषांतरित करून घ्यावी लागते, आणि त्याशिवाय मुख्य प्रोसेसर, त्याची दोन व्हेक्टर युनिटे (अनेक आकड्यांवर एकदम गणित करणारे भाग), चित्र काढणारी चिप आणि ध्वनी व कंट्रोलर सांभाळणारा वेगळा प्रोसेसर या सर्वांची वेळ एकमेकांशी जुळवत राहावे लागते. नक्कल जितकी काटेकोर, तितका हा खर्च वाढतो. सुपर निंटेंडो या जुन्या खेळयंत्राच्या प्रोसेसरचा वेग जेमतेम ३.५८ मेगाहर्ट्झ होता, तरी त्याची अचूक नक्कल करणारा बीस्नेस हा इम्युलेटर २०११ च्या सुमारास तीन गिगाहर्ट्झच्या घरातला प्रोसेसर मागत असे, हे आपण दिलेले उदाहरण मी तेव्हापासून अनेकांना ऐकवले आहे.

वेळ जुळवण्याचे हे काम पुष्कळ कोअरमध्ये, म्हणजे प्रोसेसरमधील स्वतंत्रपणे काम करणाऱ्या भागांत, वाटून देता येत नाही, आणि आमच्या निवडीचा निकाल खरे तर याच मुद्द्यावर लागला. पीसीएसएक्स२ हा प्लेस्टेशन २ चा इम्युलेटर मुख्यतः दोन थ्रेडवर, म्हणजे एकाच वेळी चालणाऱ्या कामाच्या दोन धाग्यांवर, चालतो, एक इमोशन इंजिनचा आणि एक चित्रांचा. एका व्हेक्टर युनिटला स्वतंत्र थ्रेड देण्याची सोय चालू केली तर तिसरा. त्यापुढचे कोअर बहुतांशी रिकामे बसतात. त्या दिवसांत मला एका ठिकाणाहून सर्व्हरमधून निघालेला, पुष्कळ कोअरचा पण कमी वेगाचा जुना प्रोसेसर स्वस्तात देऊ केला होता. त्यावर आपण म्हणालात की भजनात पखवाज वाजवणारे दहा जण बसवले म्हणून लय दुप्पट होत नाही, ती एकाच हातावर अवलंबून असते. आमच्या घरात भजनाची परंपरा असल्याने माझ्या वडिलांनाही हा मुद्दा त्याच क्षणी पटला, आणि सर्व्हरच्या प्रोसेसरचा विषय तिथेच संपला.

मात्र एका कोअरचा वेग म्हणजे खोक्यावर छापलेला गिगाहर्ट्झचा आकडा नव्हे, हेही आपण लगेच जोडले. २०१२ मधील एएमडी कंपनीचा एफएक्स-८३५० हा आठ कोअरचा प्रोसेसर मुळातच चार गिगाहर्ट्झवर चालत असे, तरीही इम्युलेशनमध्ये तो मागे पडायचा, कारण प्रोसेसरमधील घड्याळाच्या एका ठोक्यात त्याच्याकडून होणारे काम थोडे होते. उलट २०२० मध्ये एएमडीची झेन ३ ही प्रोसेसरची रचना आली तेव्हा आधीच्या पिढीच्या तुलनेत दर ठोक्यामागचे काम सरासरी १९ टक्क्यांनी वाढल्याचे खुद्द एएमडीने जाहीर केले होते. म्हणून वेगवेगळ्या पिढ्यांचे गिगाहर्ट्झ शेजारी ठेवून तुलना करू नये, एका थ्रेडच्या चाचणीतील गुण पाहावेत, हा आपला सल्ला माझ्या मते दुकानांच्या भिंतींवर लावण्याजोगा आहे. अर्थात तो लावला तर काही दुकानांचा जुना माल पडून राहील.

केवळ प्लेस्टेशन २ साठी इंटेलच्या कोअर आय३-१२१०० सारखा चार कोअरचा प्रोसेसर पुरेसा आहे, असे आपण स्पष्ट सांगितले आणि त्यावर थांबायलाही आपण तयार होतात. पुढचा विचार माझ्या भावाच्या हट्टामुळे करावा लागला. २००६ मध्ये आलेल्या प्लेस्टेशन ३ मधील ‘सेल’ प्रोसेसरची घडण अगदी वेगळी आहे. त्यात एक मुख्य कोअर आहे आणि त्याच्या हाताखाली आठ साहाय्यक कोअर. त्यांपैकी सात या यंत्रात चालू ठेवलेले असतात आणि खेळांच्या वाट्याला सहा येतात. एवढ्या समांतर कामाची नक्कल करणाऱ्या आरपीसीएस३ या प्लेस्टेशन ३ च्या इम्युलेटरला मात्र अधिक थ्रेडचा खरोखर उपयोग होतो. म्हणजे ज्या कोअरसंख्येला आपण आधी निरुपयोगी ठरवले होते, तीच इथे कामाची ठरते, आणि प्रोसेसर आधी न सुचवता आधी प्रश्न का विचारला हे मला इथे उमगले.

याच ठिकाणी एव्हीएक्स-५१२ हा प्रोसेसरमधील जादा आज्ञांचा संच पुढे आला, ज्याचे नावही मी तोवर ऐकले नव्हते. सेलच्या साहाय्यक कोअरांचे काम १२८ बिटांच्या रजिस्टरांवर (प्रोसेसरमधील छोट्या साठवण-कप्प्यांवर) चालते आणि तशा आज्ञा या संचाच्या मदतीने कमी पावलांत उरकता येतात, त्यामुळे आरपीसीएस३ ला त्याचा चांगला लाभ मिळतो. इंटेलच्या बाराव्या पिढीपासून घरगुती प्रोसेसरांत तो बंद करण्यात आला, तर एएमडीने २०२२ मधील रायझन ७००० मालिकेत तो दिला. म्हणून याच मालिकेतील सहा कोअर व बारा थ्रेडचा रायझन ५ ७६०० ठरला. त्यासाठी नव्या सॉकेटचा मदरबोर्ड आणि डीडीआर५ रॅम घेणे भाग होते व खर्च वाढणार होता, हे आपण आधीच सांगितले आणि तो वाढीव खर्च केवळ प्लेस्टेशन ३ साठी आहे, याची जाणीव माझ्या भावाला माझ्यासमोरच करून दिली. मोठ्या कॅशचा (प्रोसेसरमधील जलद स्मृतीचा) आठ कोअरचा महाग प्रोसेसरही त्याच्या यादीत होता. त्यातून आपल्याला अधिक नफा मिळाला असता, तरी आमच्या वापरात त्या पैशांइतका फरक दिसणार नाही, असे म्हणून आपण स्वतःच तो खोडला.

या प्रोसेसरमध्ये लहानसा ग्राफिक्स भाग असल्याने वेगळे कार्ड न घेताही आमचे काम सुरू झाले. प्लेस्टेशन २ चे बहुतेक खेळ मूळ रिझोल्यूशनवर (चित्रातील ठिपक्यांच्या मूळ संख्येवर) त्यावर चालतात. चित्र तिप्पट-चौपट सुस्पष्ट हवे असेल तर तो भार प्रोसेसरवर न पडता ग्राफिक्सवर पडतो, तेव्हा कार्ड सवडीने घ्यावे, हे आपले म्हणणे आम्ही पाळत आहोत. ६५ वॅटचा असल्याने खोक्यातला पंखाही त्याला पुरतो. आमच्या भागात खाणींच्या वाहतुकीची लाल धूळ घरापर्यंत येते, म्हणून जाळी असलेला कॅबिनेट आणि पावसाळ्यातील वीज जाण्यामुळे यूपीएस, या दोन गोष्टी आपण न विचारता यादीत लिहिल्या होत्या.

सर्वांत उपयोगी पडली ती मात्र पडद्याच्या कोपऱ्यातील आकडे वाचण्याची आपण दिलेली शिकवण. ईई, म्हणजे इमोशन इंजिन, पुढची टक्केवारी शंभराला टेकली तर प्रोसेसर कमी पडतो आहे, आणि ती खाली असून ग्राफिक्सची वर गेली तर रिझोल्यूशन कमी करावे. आपल्याकडे विकल्या गेलेल्या डिस्क पॅल या टीव्हीच्या पद्धतीच्या असल्याने त्यांतील खेळ सेकंदाला ५० चित्रांवरच पूर्ण वेगाने चालतात, साठ दिसत नाहीत म्हणून प्रोसेसरला दोष देऊ नये, हे आपण सांगितले नसते तर माझ्या भावाने सेटिंग बदलत कित्येक रात्री घालवल्या असत्या. बायोस, म्हणजे यंत्र सुरू करणारी त्याच्या आतली आज्ञावली, आमच्याच यंत्रातून आणि खेळ आमच्याच डिस्कवरून डीव्हीडी ड्राइव्हने घ्यावेत, या आपल्या आग्रहाचाही मी आदर करते. एका खोक्यात पडून असलेल्या त्या डिस्क त्यामुळेच पुसून पुन्हा कामाला आल्या.

प्लेस्टेशन ३ चा पहिला खेळ भावाने नुकताच लावून पाहिला. पहिल्या वेळी आरपीसीएस३ खेळाचा सारा कोड आधी भाषांतरित करून ठेवतो आणि त्या काळात सगळेच थ्रेड पूर्ण क्षमतेने राबतात, तेव्हा संगणक अडकला असे समजून बंद करू नये, असे आपण बजावले होते. तो थांबला, खेळ सुरू झाला आणि दुसऱ्या वेळी तो लगेच उघडला. रॅमची दुसरी पट्टी घेण्यासाठी आम्ही चतुर्थीनंतर फोंड्याला येणार आहोत. मदरबोर्डच्या कोणत्या खाचेत ती बसवायची ते सांगून, बसवण्याचे काम तेव्हा भावाला स्वतःच्या हाताने करू द्यावे, एवढी विनंती.

आपली कृतज्ञ,
डिचोलीची एक ग्राहक